कुकच्या न्यूझीलंडच्या नकाशात बँक्स द्वीपकल्पाचे बेट कसे झाले?

नकाशाप्रेमी (प्रश्न)

नमस्कार. जेम्स कुकने 'एंडेव्हर' जहाजावरून ऑक्टोबर १७६९ ते मार्च १७७० या सहा महिन्यांत न्यूझीलंडच्या दोन्ही मोठ्या बेटांना वळसा घातला आणि सुमारे २,४०० मैलांचा किनारा कागदावर आणला. त्यापूर्वी युरोपियांना या भूमीची जी काही माहिती होती ती १६४२ साली आबेल टास्मानने पाहिलेल्या पश्चिम किनाऱ्यापुरतीच होती, आणि ती दक्षिणेकडच्या कल्पित महाखंडाची कड आहे की स्वतंत्र बेटे आहेत, हेही ठरलेले नव्हते. कुकचा नकाशा आजच्या नकाशाशेजारी ठेवला की पूर्व किनाऱ्यावरची कित्येक भूशिरे आणि उपसागर जवळजवळ जागच्या जागी दिसतात, आणि हे काम एकाच जहाजाने वाऱ्याच्या मर्जीवर केले होते हे आठवले की मन भरून येते.

परंतु त्याच नकाशात दोन ठळक चुकाही आहेत. दक्षिण बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचे बँक्स द्वीपकल्प त्याने बेट म्हणून दाखवले आहे. याउलट दक्षिण टोकाचे स्ट्यूअर्ट बेट हे खरोखरचे बेट असताना ते मुख्य भूमीला जोडलेले असावे अशा रीतीने, शंकेची जागा ठेवून, काढले आहे. शिवाय दक्षिण बेट रेखांशात सुमारे ४० मिनिटे (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) आणि उत्तर बेट सुमारे ३० मिनिटे पूर्वेला सरकले आहे.

जहाजावरून न उतरता किनाऱ्याचा नकाशा नेमका कसा काढीत असत? एका ठिकाणी इतकी अचूकता आणि दुसऱ्या ठिकाणी एवढी मोठी चूक, हे एकाच माणसाच्या कामात कसे घडते? आणि रेखांशातील फरक उपकरणांमुळे पडला की पद्धतीमुळे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तरवारा

मी व्यापारी जहाजांवर अधिकारी म्हणून काम केले आहे आणि उपग्रहांवरून स्थान कळण्याच्या आधीचा काळही पाहिला आहे. तेव्हा आम्ही दीपगृहे आणि भूशिरे यांचे दिशाकोन होकायंत्राने घेत असू आणि त्या रेषा नकाशावर जिथे छेदतील तिथे आपले जहाज आहे असे समजत असू. कुकने केले ते याच्या नेमके उलटे काम. आम्हाला किनारा ठाऊक असे आणि जहाजाचे स्थान शोधायचे असे. त्याला जहाजाचे स्थान बऱ्यापैकी अंदाजाने ठाऊक होते आणि त्यावरून किनारा शोधायचा होता.

समजा, जहाज किनाऱ्याला समांतर चालले आहे. एका क्षणी दूरच्या शिखराचा आणि पुढच्या भूशिराचा दिशाकोन घेतला, तासाभराने जहाज पाच सागरी मैल पुढे गेल्यावर त्याच दोन खुणांचे दिशाकोन पुन्हा घेतले, तर जहाजाने कापलेले अंतर ही त्रिकोणाची आधाररेषा होते आणि शिखर व भूशीर यांची जागा त्रिकोणाच्या टोकाशी मिळते. अशी त्रिकोणांची साखळी दिवसभर पुढे न्यायची आणि मधल्या किनाऱ्याची रेषा डोळ्यांनी पाहून भरायची. सोबत शिशाचे वजन बांधलेल्या दोरीने खोली वावांमध्ये मोजायची, तळाला वाळू आहे की चिखल ते नोंदवायचे आणि समुद्रावरून किनारा जसा दिसतो तशी त्याची चित्रे काढायची, म्हणजे पुढच्या जहाजाला तो ओळखता येईल.

ही सारी इमारत आधाररेषेवर उभी असते आणि कुकची आधाररेषा पाण्यावर होती. जहाजाचा वेग मोजण्यासाठी लाकडाचा तुकडा बांधलेली दोरी पाण्यात सोडत आणि २८ सेकंदांच्या वाळूच्या घड्याळात दोरीवरच्या किती गाठी हातातून गेल्या ते मोजत. पण हा वेग पाण्याच्या सापेक्ष असतो. पाणीच प्रवाहाने सरकत असेल तर दोरीला ते कळत नाही. त्यातच जहाज वाऱ्याने बाजूला ढकलले जाते आणि होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून ढळलेली असते. यावर एकच दररोजचा इलाज होता: दुपारी सूर्य माथ्यावर येताना त्याची उंची मोजून अक्षांश काढणे. हवा स्वच्छ असेल तर तो एकदोन सागरी मैलांपर्यंत बरोबर येत असे. त्यामुळे उत्तर-दक्षिण दिशेची चूक रोज दुपारी निस्तरली जाई, मात्र पूर्व-पश्चिम दिशेची चूक तशीच साचत राही. कुकचा नकाशा पाहताना हा भेद मनात ठेवला तर त्यातील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

कुकला याहून काटेकोर पद्धत येत नव्हती असे मात्र कोणी समजू नये. १७५८ साली कॅनडात लुईबर्ग येथे तो सॅम्युअल हॉलंड या सर्वेक्षकाकडून जमिनीवरची मोजणी शिकला होता आणि १७६३ ते १७६७ या काळात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याची मोजणी करताना त्याने जमिनीवर आधाररेषा आखून, खुणा रोवून काम केले होते. न्यूफाउंडलंडला त्याने अनेक उन्हाळे दिले आणि न्यूझीलंडला सहा महिने. तिथे जमिनीवर उतरून त्रिकोण बांधत बसला असता तर एका उपसागरातच मोसम संपला असता.

दुसरे म्हणजे त्या सहा महिन्यांची वाटणीही समान नाही. उत्तर बेटाला जवळजवळ चार महिने मिळाले. दक्षिण बेटाचा सबंध फेरा ९ फेब्रुवारी ते २७ मार्च १७७० एवढ्यात उरकला. त्याचा पश्चिम किनारा तर पश्चिमी वाऱ्यांच्या थेट तोंडावर आहे, आणि अशा किनाऱ्याजवळ शिडांचे जहाज नेणे म्हणजे वाऱ्याने खडकांवर ढकलले जाण्याचा धोका पत्करणे. १४ मार्चला डाउटफुल साउंड या खाडीपाशी सफरीतील वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सला वनस्पती गोळा करण्यासाठी आत जायचे होते, पण आत गेल्यावर बाहेर काढणारा वारा तिथे क्वचितच मिळेल हे ओळखून कुकने नकार दिला. बँक्स त्यावर बराच काळ नाराज होता. माझ्या मते कुकचा निर्णय पूर्णपणे योग्य होता.

न्यूझीलंड सोडताना रोजनिशीत त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे की उत्तर बेटाच्या आकाराबद्दल त्याला खात्री आहे, पण दक्षिण बेटाबद्दल तेवढी नाही, कारण मोसम आणि वादळी हवा यांमुळे तिथे हवा तेवढा वेळ देता आला नाही. म्हणून हा नकाशा सर्वत्र सारख्याच विश्वासाने वाचू नये. रेषेचा प्रत्येक तुकडा काढला तेव्हा जहाज किनाऱ्यापासून किती दूर होते आणि वारा कुठला होता, हे विचारत विचारत तो वाचला पाहिजे.

कोनमापक

उत्तरवारा यांनी पद्धत उत्तम समजावली आहे. मी रेखांशाच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्यातले गणित शाळेच्या पातळीवरचे आहे आणि ते केल्याशिवाय ४० मिनिटे ही चूक मोठी की लहान हे कळत नाही.

पहिल्या सफरीत कुककडे समुद्रावर चालणारे अचूक घड्याळ नव्हते. जॉन हॅरिसनने समुद्रासाठी बनवलेल्या चौथ्या घड्याळाची केंडॉल या घड्याळजीने बनवलेली प्रतिकृती त्याला मिळाली ती १७७२ मध्ये निघालेल्या दुसऱ्या सफरीत. पहिल्या सफरीत तो आणि खगोलनिरीक्षक चार्ल्स ग्रीन हे दोघे चंद्राचे सूर्यापासूनचे किंवा एखाद्या ताऱ्यापासूनचे कोनीय अंतर सेक्स्टंट या आरशांच्या कोनमापक उपकरणाने मोजत आणि ते ग्रिनिचच्या कोणत्या वेळेला असायला हवे हे कोष्टकांवरून काढत. १७६७ या वर्षापासून अशा कोष्टकांचे 'नॉटिकल अल्मनॅक' हे वार्षिक पुस्तक निघू लागल्यामुळे हे शक्य झाले होते.

आता चंद्र सुमारे २७.३ दिवसांत तारकांमधून एक फेरी पूर्ण करतो, म्हणजे ताशी सुमारे ३३ कोनीय मिनिटे सरकतो. त्यामुळे कोन मोजण्यात एका मिनिटाची चूक झाली तर वेळेत १.८ मिनिटांची आणि रेखांशात सुमारे २७ मिनिटांची चूक येते. ४० मिनिटांची चूक होण्यासाठी चंद्राच्या मोजणीत आणि कोष्टकांत मिळून दीड कोनीय मिनिटाचा फरक पुरतो. चंद्राचे बिंब ३१ मिनिटांचे असते, तेव्हा हा फरक बिंबाच्या विसाव्या भागाएवढा झाला, आणि तोही हलणाऱ्या डेकवर उभे राहून मोजलेल्या कोनातला. जमिनीवर हीच चूक ४१ अंश दक्षिण अक्षांशावर सुमारे ५६ किलोमीटर होते. म्हणून मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल की दोष प्रामुख्याने पद्धतीचा आहे: कोनातली लहानशी चूक रेखांशात सत्तावीस पटींनी वाढवून देणारी ही पद्धत होती. असंख्य निरीक्षणांची सरासरी घेऊनच ती आटोक्यात ठेवता येत असे.

९ नोव्हेंबर १७६९ रोजी बुधाचे सूर्यबिंबावरून झालेले अधिक्रमण त्यांनी उत्तर बेटावरच्या एका उपसागराच्या काठी उतरून पाहिले, त्याचाही उपयोग रेखांशासाठी झाला. तो उपसागर आजही मर्क्युरी बे म्हणूनच ओळखला जातो. दुसऱ्या सफरीतील खगोलनिरीक्षक विल्यम वेल्स याच्या निरीक्षणांतून ४० आणि ३० मिनिटांचे फरक उघड झाले आणि कुकने ते स्वतःच्या लेखनात नोंदवले. सबंध बेटच पूर्वेला सरकले असल्यामुळे त्याचा आकार मात्र फारसा बिघडला नाही, हे लक्षात घ्यावे. किनाऱ्यालगत जाणाऱ्या नाविकाला त्या आकाराचाच उपयोग अधिक होता. १७७२ साली मारियों द्यू फ्रेनच्या फ्रेंच मोहिमेतील अधिकारी क्रोझे याने तो नकाशा प्रत्यक्ष किनाऱ्याशी ताडून पाहिला आणि त्याच्या अचूकतेबद्दल आश्चर्य व्यक्त केले.

पूर्वसागर

वरचे दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, परंतु हा किनारा अनोळखी होता तो कोणाच्या दृष्टीने, हेही या चर्चेत यायला हवे. त्या किनाऱ्यावर शेकडो वर्षांपासून माओरी लोक राहत होते, त्याच्या प्रत्येक भूशिराला नाव होते आणि कुकच्या नकाशात त्यांची माहिती प्रत्यक्ष उतरलेली आहे.

ताहितीहून निघताना रायातेआ बेटाचा तुपाइया हा दर्यावर्दी आणि पुरोहित 'एंडेव्हर'वर आला होता. त्याची भाषा माओरी भाषेला इतकी जवळची होती की न्यूझीलंडमध्ये तो सहज संवाद साधू शकला. तो नसता तर कुकला किनाऱ्यावरच्या माणसांना काही विचारताच आले नसते. क्वीन शार्लट साउंडमध्ये जानेवारी १७७० मध्ये कुक एका टेकडीवर चढला आणि पलीकडचा समुद्र पाहून त्याला दोन्ही बेटांमधली सामुद्रधुनी लक्षात आली. त्यानंतर तोपा नावाच्या वृद्धाला विचारल्यावर त्याने इथे वेगवेगळ्या भूमी आहेत हे सांगितले आणि त्यांची नावेही दिली. कुकने ती दोन्ही नावे आपल्याला ऐकू आली तशी मोठ्या बेटांवर लिहिली. उत्तर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर एका वृद्ध प्रमुखाने जहाजाच्या डेकवर कोळशाने बेटाची आकृती काढून दाखवल्याची आठवण होरेता ते तानिव्हा यांनी सांगितली आहे. त्या भेटीच्या वेळी ते लहान मुलगा होते.

या मोजणीची दुसरी बाजूही टाळता येणार नाही. ऑक्टोबर १७६९ मध्ये तुरांगानुई येथे पहिल्यांदा किनाऱ्यावर उतरल्यावर काही दिवसांतच कुकच्या माणसांच्या गोळीबारात ते मारो यांच्यासह अनेक माओरी मारले गेले. तिथे अन्नसामग्री मिळाली नाही म्हणून कुकने त्या उपसागराला दारिद्र्याचे नाव दिले आणि ते नकाशावर अडीचशे वर्षे राहिले. २०१९ मध्ये मूळ माओरी नावासह जोडनाव अधिकृत झाले. किनाऱ्याची रेषा किती अचूक आहे, याची चर्चा करताना ती रेषा काढण्यासाठी कोणाला काय सोसावे लागले, तेही त्याच पानावर असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

नकाशाप्रेमी

तिघांचेही आभार. पूर्वसागर यांनी मांडलेला मुद्दा मी मूळ प्रश्नातच विचारात घ्यायला हवा असा आहे. एक शंका उरते. उत्तर बेट हे बेटच आहे याची खात्री करण्यासाठी कुक सामुद्रधुनी ओलांडल्यावर मुद्दाम पुन्हा उत्तरेला गेला आणि आधी जिथून माघारी वळला होता ते केप टर्नअगेन ९ फेब्रुवारीला दिसल्यावरच त्याने दक्षिणेची वाट धरली. इतका चोखंदळ माणूस बँक्स द्वीपकल्पाच्या मागे एक होडी पाठवून का पाहत नाही?

उत्तरवारा

हा प्रश्न भूगोलाचा आहे. बँक्स द्वीपकल्प म्हणजे ९०० मीटरपेक्षा उंच गेलेले जुन्या ज्वालामुखींचे डोंगर, आणि त्यांच्या पाठीमागे कँटरबरीचे विस्तीर्ण, सपाट मैदान. समुद्रावर क्षितिज किती दूर दिसते याचा सोपा हिशेब असा आहे की डोळ्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ३.५७ ने गुणले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. डेकवर सहा मीटर उंचीवरून ते सुमारे ९ किलोमीटर येते आणि डोलकाठीवर ३० मीटर उंचीवरून सुमारे २० किलोमीटर. ९०० मीटरचा डोंगर मात्र स्वतःच १०७ किलोमीटरवरून क्षितिजावर येतो. म्हणजे उत्तरेकडून येणाऱ्या जहाजाला आधी समुद्रातून उभे राहिलेले डोंगर दिसतात, त्यांच्या पश्चिमेला दूरवरच्या बर्फाच्छादित पर्वतरांगा दिसतात, आणि मधले सखल मैदान क्षितिजाखाली बुडालेले असते. त्या जागी पाणी आहे असे समजणे अगदी स्वाभाविक होते.

त्यातच १७ फेब्रुवारीच्या सुमारास लेफ्टनंट गोर याला आग्नेयेकडे जमीन दिसल्यासारखे वाटले. दक्षिणेचे महाखंड शोधणे हा तर मोहिमेच्या गुप्त आदेशाचा भाग होता. त्यामुळे कुकने जहाज भर समुद्राकडे वळवले आणि तिथे काहीच नाही हे ठरेपर्यंत तो किनाऱ्यापासून दूर गेला. द्वीपकल्पाची पाठ पाहण्याची संधी त्यात गेली. एका संभाव्य खंडापुढे एका बेटाचा तपशील त्याने गौण मानला, आणि त्याला मिळालेले आदेश पाहता त्याला दोष देणे मला पटत नाही.

चालत्या जहाजावरून केलेल्या मोजणीचा हा कायमचाच दोष आहे: तिला किनाऱ्याची बाहेरची कड दिसते, आतली वळणे दिसत नाहीत. तिसऱ्या सफरीत मार्च १७७८ मध्ये कुक उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर केप फ्लॅटरीजवळून गेला आणि तिथे सामुद्रधुनी असल्याच्या जुन्या वार्तेत तथ्य नाही असे त्याने लिहिले, पण ज्वान दे फुका सामुद्रधुनी तिथेच आहे. त्या सफरीत तरुण जॉर्ज व्हँकुव्हर होता. पुढे १७९२ ते १७९४ या तीन उन्हाळ्यांत त्याच किनाऱ्याची मोजणी त्याने स्वतः केली, तेव्हा जहाजे नांगरून ठेवली आणि वल्ह्यांच्या होड्या किनाऱ्याला अगदी चिकटून प्रत्येक खाडीच्या टोकापर्यंत पाठवल्या, कारण अटलांटिकला जाणारा मार्ग कुठेच नाही हे सिद्ध करायचे तर एकही फाटा सोडून चालणार नव्हते. माणसे पावसात भिजत, थंडीत कुडकुडत कित्येक दिवस होडीत काढत. एवढे करूनही कोलंबिया नदीचे मुख व्हँकुव्हरच्या नजरेतून निसटले आणि मे १७९२ मध्ये अमेरिकन व्यापारी रॉबर्ट ग्रे त्यात शिरला. होड्यांनी काम करायचे तर कुकला न्यूझीलंडमध्ये आणखी दोन-तीन वर्षे लागली असती.

देवगडकर

या विषयाचा आपल्या किनाऱ्याशीही खरा संबंध आहे, म्हणून थोडी भर घालतो. 'एंडेव्हर'च्या नेतृत्वासाठी इच्छुक असलेला अलेक्झांडर डॅलरिंपल याला ती मोहीम मिळाली नाही, पण १७७९ पासून तो ईस्ट इंडिया कंपनीचा जलालेखक, म्हणजे समुद्राचे नकाशे तयार करणारा अधिकारी, होता आणि १७९५ मध्ये ब्रिटिश नौदलाचा पहिला जलालेखक झाला. त्याच्या काळात, १७८७ ते १७९० दरम्यान, बॉम्बे मरीन या कंपनीच्या आरमारातील जॉन मॅक्लूर याने मुंबईपासून दक्षिणेकडे आपल्या पश्चिम किनाऱ्याची मोजणी केली. इथली अडचण न्यूझीलंडपेक्षा वेगळी होती. पावसाळ्यात काम पूर्ण बंद, आणि उरलेल्या महिन्यांत कोकणचे सपाट माथ्याचे सडे समुद्रावरून एकसारखे दिसतात, त्यामुळे ओळखीची खूण म्हणून किल्ले आणि देवळेच उपयोगी पडतात. शिवाय मालवणच्या पश्चिमेला १०० किलोमीटरहून अधिक अंतरावर पाण्याखाली असलेल्या आंग्रिया बँकेसारख्या गोष्टी दिशाकोनांनी सापडत नाहीत. तिथे खोली मोजणारी दोरीच लागते.

होकायंत्राच्या दोषाबद्दल वर उल्लेख आला आहे. पोर्तुगीज नाविक दों जुआंव द काश्त्रु याने १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवपर्यंत जाताना बंदरांची चित्रे आणि मोजणी केली, आणि वसईजवळ खडकांमुळे होकायंत्राची सुई ढळते हे त्याने टिपले. जहाजातल्याच लोखंडामुळे सुई जहाजाच्या रोखाप्रमाणे वेगवेगळी ढळते, याचा पद्धतशीर अभ्यास मात्र १८०१ ते १८०३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा किनारा मोजणाऱ्या मॅथ्यू फ्लिंडर्सने केला. त्याच्याआधी बोतां-बोप्रे याने १७९१ ते १७९३ च्या फ्रेंच मोहिमेत होकायंत्र बाजूला ठेवून दोन खुणांमधला कोन परावर्तन-वर्तुळ या आरशांच्या वर्तुळाकार कोनमापकाने थेट मोजण्याचा मार्ग धरला होता. किनारा मोजण्याच्या शास्त्रात ही सुधारणा मला घड्याळाइतकीच महत्त्वाची वाटते.

कोनमापक

देवगडकर यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. होकायंत्रावर कोन जेमतेम अर्ध्या-एक अंशापर्यंत वाचता येतो, तर परावर्तन-वर्तुळ किंवा सेक्स्टंट आडवा धरून तो एका मिनिटापर्यंत मिळतो, आणि त्यात चुंबकत्वाचा प्रश्नच येत नाही.

नकाशाप्रेमी यांच्या माहितीसाठी शेवटचा तपशील: बँक्स 'बेट' जमिनीला जोडलेले आहे हे १८०९ मध्ये 'पेगॅसस' जहाजाच्या कॅप्टन चेसच्या ध्यानात आले, तो त्या कल्पित सामुद्रधुनीतून जाऊ पाहत होता. त्याच जहाजावरील अधिकारी विल्यम स्ट्यूअर्ट याने दक्षिणेकडच्या बेटाच्या किनाऱ्याचे रेखाटन केले आणि ते बेट त्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले. सबंध किनाऱ्याची नव्याने पद्धतशीर मोजणी सुरू झाली ती १८४८ मध्ये, कॅप्टन स्टोक्सच्या 'अकेरॉन' या वाफेवर चालणाऱ्या जहाजाने. वाऱ्याची पर्वा न करता त्याला किनाऱ्याजवळ थांबता येत होते.